बागेचे फोटो, मातीचे अहवाल आणि सर्व्हरवरील जागा : अपलोडच्या मर्यादा कशा ठरवाव्यात व साठा कसा सांभाळावा

संत्रा बागायतदारांना ऑनलाइन सल्ला देणाऱ्या गटाच्या सर्व्हरवर वर्षभर सारखा भार नसतो. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळगळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झाली, की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागांतून फोटोंचा ओघ एकदम वाढतो. पावसाळ्यात खोडावर डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) दिसू लागला की त्यात आणखी भर पडते, आणि त्यासोबत माती परीक्षणाचे अहवाल, सातबाऱ्याच्या प्रती व औषधांच्या पावत्याही येऊ लागतात. नेमक्या याच दिवसांत डिस्क भरली किंवा फाइल नाकारली गेली, तर ज्याला सल्ल्याची सर्वाधिक गरज आहे तोच माणूस ताटकळतो. नागपुरात बसून अशा गटाचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी ही माहिती लिहिली आहे. सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्यावर एन्जिनएक्स (विनंत्या स्वीकारणारा वेब सर्व्हर), पीएचपी (संकेतस्थळाची प्रणाली जिच्यात लिहिली आहे ती भाषा) व मायएसक्यूएल (डेटाबेस) आहे, असे यात गृहीत धरले आहे. अशा लहान संस्थांकडे बहुधा हीच जुळणी असते.

आधी गरज, मग आकडा

बहुतेक ठिकाणी अपलोडची मर्यादा सर्व्हर बसवताना जी आली तीच राहते, किंवा तक्रारी वाढल्या की ती अंदाजाने दुप्पट केली जाते. माझ्या मते दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत. मर्यादा ठरवताना पहिला प्रश्न डिस्कचा नसून पलीकडे बसलेल्या तज्ज्ञाचा असला पाहिजे : त्याला निदान करण्यासाठी नेमके काय दिसायला हवे?

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. नवतीवर (नव्या कोवळ्या पालवीवर) बसणारा सायला हा कीटक साधारण तीन-चार मिलिमीटर लांबीचा असतो. शेतकऱ्याने पान जवळ धरून असा फोटो काढला की चौकटीत दहा सेंटिमीटर रुंदीचा भाग आला, आणि तो फोटो आपण 2000 पिक्सेल रुंदीवर आणून ठेवला, तर प्रत्येक मिलिमीटरला 20 पिक्सेल मिळतात. म्हणजे तीन मिलिमीटरचा सायला 60 पिक्सेलमध्ये दिसतो आणि तो सहज ओळखता येतो. याउलट चार मीटर रुंदीचे अख्खे झाड चौकटीत घेऊन तोच फोटो 4000 पिक्सेलच्या मूळ आकारात जपून ठेवला, तरी त्या कीटकाच्या वाट्याला जेमतेम तीन पिक्सेल येतात. मोठ्या फाइलने इथे काहीच साधत नाही. त्यामुळे मर्यादा वाढवण्याआधी अर्जाच्या पानावरच स्पष्ट सूचना असावी : एक फोटो पूर्ण झाडाचा, एक फांदीचा किंवा खोडाचा, आणि दोन पानांचे किंवा फळांचे, एका वितीच्या आतून काढलेले. कोळशी रोगात पानावरचा काळा थर दुरूनही कळतो, पण त्याच्या मुळाशी असलेल्या काळ्या माशीची पिले पानाच्या खालच्या बाजूस असतात. म्हणून पान उलटून काढलेला फोटोही मागावा.

असे चार फोटो 2000 पिक्सेलवर आणून जेपीईजीची गुणवत्ता 80 ते 85 च्या दरम्यान ठेवली, तर प्रत्येकी सुमारे 500 ते 800 केबी जागा लागते. मोबाइलमधून येणारा 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा असतो. पाचशे सभासदांनी हंगामात प्रत्येकी दहा फोटो पाठवले, तर मूळ फाइलींना सरासरी चार एमबीप्रमाणे 20 जीबी लागतील, तर लहान केलेल्या फाइलींना सरासरी 600 केबीप्रमाणे तीन जीबी पुरतील. बॅकअपच्या दोन प्रती धरल्या तर हाच फरक 60 जीबी आणि नऊ जीबी असा होतो. हा हिशेब आपल्या गटाच्या आकड्यांनी एकदा कागदावर मांडावा; पुढचे सारे निर्णय त्यावरून सोपे होतात.

कागदपत्रांची गोष्ट वेगळी आहे. माती परीक्षणाच्या अहवालातील आकडे वाचता आले म्हणजे पुरे, आणि त्यासाठी 200 डीपीआयचे (दर इंचाला 200 ठिपके) करड्या रंगातील स्कॅन चालते. 600 डीपीआयच्या स्कॅनमध्ये 300 डीपीआयच्या चौपट पिक्सेल असतात व वाचनात काडीचाही फरक पडत नाही, हे झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेणाऱ्या सभासदांना आवर्जून सांगावे. पीडीएफसाठी पाच एमबीची मर्यादा या कामाला पुरेशी ठरते.

मर्यादा एक नसते, चार असतात

फाइल मोबाइलमधून निघून डिस्कवर पोचेपर्यंत तिला अनेक ठिकाणी अडवले जाऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी नकाराची भाषा निराळी असते. एन्जिनएक्समध्ये 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' ही मर्यादा काहीही न बदलल्यास एक एमबी असते. ती ओलांडली की शेतकऱ्याला 413 क्रमांकाचे इंग्रजी पान दिसते, आणि विनंती पीएचपीपर्यंत पोचतच नाही. पीएचपीमध्ये 'अपलोड मॅक्स फाइलसाइज' ही एका फाइलची मर्यादा मुळात दोन एमबी, तर 'पोस्ट मॅक्स साइज' ही संपूर्ण विनंतीची मर्यादा आठ एमबी असते. एका विनंतीत किती फाइली येऊ शकतात याचीही मर्यादा असते व ती मुळात 20 असते. या सगळ्यांच्या आत आपल्या अर्जाच्या प्रणालीने स्वतः घातलेली मर्यादा येते.

यांतील 'पोस्ट मॅक्स साइज'चे वर्तन नीट समजून घ्यावे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. एका फाइलची मर्यादा ओलांडली गेली, तर पीएचपी त्रुटीचा क्रमांक 1 देते आणि बाकीचा अर्ज जसाच्या तसा मिळतो. मात्र संपूर्ण विनंतीची मर्यादा ओलांडली गेली, तर फाइलींसह अर्जातील सर्व रकाने रिकामे होऊन प्रणालीच्या हाती येतात. मग प्रणाली मोठ्या फाइलविषयी काही न बोलता 'कृपया नाव व गाव भरा' असे सांगते, आणि ज्याने ते दोन्ही नुकतेच काळजीपूर्वक भरले आहे तो माणूस पुन्हा पुन्हा तेच भरत राहतो. म्हणून रकाने रिकामे आले असताना विनंतीच्या शीर्षकातील 'कंटेंट लेंथ' शून्यापेक्षा मोठी आहे का, हे आधी तपासून त्यानुसार संदेश दाखवावा.

यातून मर्यादा लावण्याचा क्रम आपोआप ठरतो. सर्वांत आतली मर्यादा सर्वांत लहान असावी आणि बाहेर जावे तशी ती थोडी थोडी वाढत जावी, जेणेकरून नकार देण्याची वेळ आलीच तर तो नकार मराठीत बोलू शकणाऱ्या भागाकडून यावा. प्रत्येक फाइल स्वतंत्र विनंतीने पाठवण्याची सोय असेल, आणि ती असावीच, तर अर्जाच्या प्रणालीत फोटोसाठी 10 एमबी, 'अपलोड मॅक्स फाइलसाइज' 12 एमबी, 'पोस्ट मॅक्स साइज' 14 एमबी आणि एन्जिनएक्समध्ये 16 एमबी, अशी मांडणी करता येते. पीएचपीच्या सेटिंगमध्ये आकड्यापुढे फक्त 'एम' हे एकच अक्षर लिहावे. तिथे 'एमबी' अशी दोन अक्षरे लिहिली गेली, तर शेवटचे अक्षर न ओळखल्याने पीएचपी त्या आकड्याचा अर्थ 12 एमबी न लावता 12 बाइट असा लावते आणि प्रत्येक फाइल नाकारली जाते.

सेटिंग बदलूनही फरक पडला नाही, तर बहुधा चुकीची फाइल बदललेली असते. कमांड लाइनसाठीची पीएचपीची सेटिंग फाइल वेगळी आणि संकेतस्थळ चालवणाऱ्या एफपीएमची वेगळी असते. कोणती वापरात आहे हे 'पीएचपी इन्फो'च्या पानावर दिसते, आणि पाहून झाल्यावर ते पान तिथून काढून टाकावे. बदलानंतर एफपीएम पुन्हा सुरू करावे लागते. सर्व्हरच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी, विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन पुढे पाठवणारी सेवा असेल तर तिचीही स्वतःची मर्यादा असते. क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेत ती 100 एमबी आहे, म्हणजे आपल्या कामात ती आड येत नाही.

तपासणीसाठी साडेनऊ, 11, 13, 15 आणि 17 एमबीच्या पाच फाइली तयार ठेवून प्रत्येक बदलानंतर त्या साध्या मोबाइलवरून पाठवून पाहाव्यात. पहिली स्वीकारली गेली पाहिजे आणि बाकीच्या नाकारल्या जाताना शेतकऱ्याला काय दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. संदेश असा असावा : 'हा फोटो 11 एमबीचा आहे. 10 एमबीपर्यंतचे फोटो पाठवता येतात. आपण भरलेली माहिती तशीच ठेवली आहे. कृपया फक्त फोटो बदलून पुन्हा पाठवा.' मर्यादा किती, फाइल किती मोठी आणि पुढे काय करायचे, या तिन्ही गोष्टी त्यात असल्या पाहिजेत.

नेटवर्क कमकुवत असते तिथे

बागेत उभे राहून पाठवणाऱ्याला अनेकदा अर्ध्या मेगाबिटचाही वेग मिळत नाही. त्या वेगाने चार एमबीच्या एका फोटोला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो, आणि चार फोटो एकत्र पाठवताना शेवटच्या फोटोला संपर्क तुटला तर सगळेच वाया जातात. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे फोटो मोबाइलच्या ब्राउझरमध्येच लहान करून मग पाठवणे. ब्राउझरमधील 'कॅनव्हास'च्या साहाय्याने फोटो 2000 पिक्सेलवर आणून जेपीईजी करणारी थोडीशी जावास्क्रिप्ट त्यासाठी पुरते. मग 600 केबीचा तोच फोटो त्याच वेगाने दहा सेकंदांत पोचतो, सर्व्हरची जागा वाचते आणि शेतकऱ्याचा डेटाही वाचतो. ज्या जुन्या मोबाइलवर हे चालणार नाही, तिथे मूळ फोटो तसाच जाऊ द्यावा आणि सर्व्हरवर लहान करावा. 10 एमबीची मर्यादा ठेवायची ती यासाठीच.

एन्जिनएक्समधील 60 सेकंदांची मुदत ही संपूर्ण अपलोडची नसून डेटाच्या दोन तुकड्यांमधल्या शांततेची असते, हे लक्षात ठेवावे. अपलोड संथ असला तरी तो चालू आहे तोवर ती मुदत आड येत नाही. संपर्क मध्येच पूर्ण थांबला तरच ती लागू होते. त्यामुळे ही मुदत उगाच दहा मिनिटांवर नेण्याची गरज नसते. त्याऐवजी अयशस्वी झालेली तेवढीच फाइल पुन्हा पाठवण्याचे बटण द्यावे.

सर्व्हरवर फोटो लहान करताना स्मृतीचा हिशेब विसरू नये. चार एमबीचा फोटो उघडला की तो प्रत्येक पिक्सेलला चार बाइट घेतो, म्हणजे 12 मेगापिक्सेलला 48 एमबी आणि 50 मेगापिक्सेलला 200 एमबी. पीएचपीची स्मृतीची मूळ मर्यादा 128 एमबी असल्याने 50 मेगापिक्सेलचा फोटो आकाराने 10 एमबीच्या आत बसूनही प्रक्रिया अर्ध्यावर थांबू शकते. म्हणून फोटो उघडण्यापूर्वी त्याची लांबी-रुंदी केवळ शीर्षभागावरून वाचून घ्यावी, आणि फार मोठे फोटो वेगळ्या रांगेत टाकून एकामागून एक हाताळावेत.

स्वीकारताना काय पाहावे

फाइलच्या नावाच्या शेवटी 'जेपीजी' लिहिले आहे एवढ्यावरून ती फोटो ठरत नाही. आतील मजकूर तपासूनच प्रकार ठरवावा, आणि फक्त जेपीईजी, पीएनजी, एचईआयसी व पीडीएफ स्वीकारावेत. आयफोनवरून येणाऱ्या एचईआयसी फाइली अनेक ब्राउझरमध्ये दिसत नाहीत, म्हणून त्या सर्व्हरवरच जेपीईजीमध्ये बदलाव्यात. एसव्हीजी स्वीकारू नये, कारण त्यात स्क्रिप्ट दडवता येते. झिप फाइलही नको. काही केबीची झिप उघडल्यावर अनेक जीबींची होऊ शकते. सर्व फाइली संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवाव्यात आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही, याची खात्री करावी.

फोटोत काढल्याची दिशा आणि ठिकाणही नोंदलेले असते. कोणत्या शिवारातून कोणता रोग येतो आहे हे समजण्यासाठी ठिकाण उपयोगी आहे, पण ते सभासदाच्या संमतीने डेटाबेसमध्ये वेगळे नोंदवावे आणि इतरांना दिसणाऱ्या प्रतीतून काढून टाकावे. ही माहिती पुसण्याआधी फोटो योग्य दिशेला फिरवून घ्यावा. नाहीतर झाडे आडवी दिसू लागतात. आधार कार्डाची प्रत मात्र मागूच नये. झाडाच्या निदानाशी तिचा संबंध नाही, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 चा रोखही हाच आहे, की कामापुरतीच माहिती घ्यावी व कामापुरतीच ठेवावी.

देवनागरी नावांचा प्रश्न मराठी संकेतस्थळांना खास भेडसावतो. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'संत्रा' या लहानशा शब्दात अनुस्वार, हलन्त आणि काना धरून सहा चिन्हे होतात आणि त्याचे 18 बाइट होतात. लिनक्सच्या ईएक्सटी4 या रचनेत फाइलचे नाव 255 बाइटांपेक्षा मोठे असू शकत नाही, म्हणजे देवनागरीत फक्त 85 चिन्हे. गाव, गट क्रमांक, शेतकऱ्याचे नाव आणि रोगाचे वर्णन असे सगळे नावात लिहिणाऱ्या सभासदाची फाइल या कारणाने साठवताना अडते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे डिस्कवर फाइलला सर्व्हरने स्वतः तयार केलेले आकडे-अक्षरांचे नाव द्यावे, मूळ नाव डेटाबेसच्या रकान्यात जपावे, आणि डाउनलोड करताना तेच मूळ नाव परत द्यावे.

जागा संपते तेव्हा

सर्वांत धोक्याची रचना म्हणजे अपलोड आणि डेटाबेस एकाच विभाजनावर (डिस्कच्या एकाच भागावर) असणे. फोटोंनी डिस्क भरली की डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही, आणि मग फोटोच नव्हे तर साधा प्रश्नही कोणाला पाठवता येत नाही. अपलोडसाठी वेगळे विभाजन किंवा वेगळी डिस्क ठेवावी, आणि पीएचपीचे तात्पुरते फोल्डरही त्याच विभाजनावर ठेवावे. तसे केल्यास अपलोड झालेली फाइल दुसरीकडे नक्कल करावी लागत नाही, तिचे केवळ नाव बदलते.

जागा पाहताना 'डीएफ' आदेशाचे दोन्ही प्रकार चालवावेत : एक जीबीमध्ये उरलेली जागा दाखवणारा, आणि दुसरा आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा) दाखवणारा. ईएक्सटी4 मध्ये आयनोडची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते, त्यामुळे लक्षावधी लघुचित्रे (फोटोंच्या छोट्या प्रती) साठली तर जीबी शिल्लक असूनही 'जागा नाही' असा संदेश येऊ शकतो. फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर एखाद्या चालू प्रक्रियेने ती उघडी धरून ठेवलेली असते. ती प्रक्रिया 'एलएसओएफ' आदेशाने शोधून पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते. 80 टक्क्यांवर सूचना देणारा ईमेल आणि 90 टक्क्यांवर मोठ्या पीडीएफ तात्पुरत्या थांबवून फोटो चालू ठेवणारा नियम, अशी दोन टप्प्यांची व्यवस्था मला योग्य वाटते, कारण अडचणीच्या दिवसांत फोटोच महत्त्वाचे असतात.

सफाईबाबत एक आग्रह धरावासा वाटतो : केवळ जुने झाले म्हणून फोटो पुसू नयेत. संत्र्याचे झाड वर्षानुवर्षे उभे असते, आणि आज खोडावर दिसणारी जखम तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत कशी होती, हे तज्ज्ञासाठी मोलाचे असते. सफाई करायची ती बेवारस फाइलींची, म्हणजे ज्यांची डेटाबेसमध्ये नोंदच नाही अशा फाइलींची. डिस्कवरील नावांची यादी आणि डेटाबेसमधील यादी यांची तुलना करून अशा फाइली शोधाव्यात, मात्र गेल्या 24 तासांतील फाइलींना हात लावू नये, कारण त्यांची नोंद होण्याच्या वाटेवर असू शकते. सापडलेल्या फाइली लगेच न पुसता वेगळ्या फोल्डरमध्ये महिनाभर ठेवाव्यात. एकच फोटो अनेकदा आला असेल तर शा-256 हॅशवरून (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या, ठशासारख्या ओळखखुणेवरून) तो ओळखता येतो. एकच प्रत ठेवून सर्व नोंदी तिच्याकडे वळवता येतात, पण मग शेवटची नोंद जाईपर्यंत ती प्रत पुसली जाणार नाही, अशी व्यवस्था हवी.

प्रति सभासद कोटा ठेवायचा असल्यास तो सढळ असावा व उरलेली जागा त्याला दिसत राहावी. दहा जणांच्या वतीने फोटो पाठवणारा गावातला एखादा तरुण कोट्यामुळे अडणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

बॅकअपचा क्रम आणि जागा

आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा आणि त्यानंतर फाइलींचा. आपली प्रणाली फाइल आधी साठवते व नोंद नंतर करते, त्यामुळे या क्रमाने घेतल्यास बॅकअपमधील प्रत्येक नोंदीची फाइल बॅकअपमध्ये सापडते. उलट क्रमाने घेतल्यास दोन्हींच्या मधल्या काळात आलेल्या फोटोंच्या नोंदी राहतात आणि फोटो हरवतात. लघुचित्रांचा बॅकअप घेऊ नये. ती मूळ फोटोंवरून पुन्हा तयार करता येतात.

एक प्रत शहराबाहेर असावीच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरले. कार्यालयातच ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी सर्व्हरसोबतच भिजते. उन्हाळ्यातही सावध राहावे, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि वीज गेल्यावर बंद खोलीतील डिस्क वेगाने तापते. बाहेरील प्रतीसाठी अ‍ॅमेझॉनच्या एस3 सारखी सेवा वापरता येते. तिचे मुंबई केंद्र 2016 पासून सुरू आहे. तिथे साठवणुकीबरोबरच डेटा बाहेर काढण्याचेही पैसे लागतात, आणि तुकड्यांनी पाठवताना अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे दिसत नसले तरी त्यांचेही शुल्क चालू राहते. ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याचा नियम सुरुवातीलाच लावून घ्यावा.

दर तिमाहीला बॅकअपमधून काही फोटो आणि एखादा मातीचा अहवाल वेगळ्या संगणकावर परत आणून त्यांचा हॅश डेटाबेसमधील हॅशशी जुळवून पाहावा, आणि जो जुळणार नाही त्याची मूळ फाइल सर्व्हरवर शाबूत आहे की नाही ते त्याच दिवशी तपासावे.